पौल आणि याकोब शेजारी ठेवून कसे वाचावेत : विश्वास, सत्कृत्ये आणि तारण यांवरील अभ्यासवर्गाची तयारी

घरसभेत किंवा मंडळीच्या अभ्यासवर्गात ‘माणसाचे तारण विश्वासाने होते की सत्कृत्यांनी’ हा प्रश्न निघाला की थोड्याच वेळात दोन वचने समोरासमोर उभी राहतात. एक पौलाचे, रोमकरांस पत्र ३:२८, ज्याचा आशय असा की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. दुसरे याकोबाच्या पत्रातले, २:२४, ज्याचा आशय असा की मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो. एकाने पहिले वचन म्हणायचे, दुसऱ्याने दुसरे, आणि शेवटी पाळकांनी किंवा धर्मगुरूंनी ‘दोन्हीही हवेतच’ असे म्हणून प्रार्थनेला सुरुवात करायची, हा प्रकार बहुतेकांनी पाहिलेला असतो. ‘दोन्हीही हवेत’ हे उत्तर चुकीचे नाही. पण ते इतक्या लवकर दिले जाते की कोणी काही शिकत नाही, आणि पुढच्या वेळी तोच वाद जसाच्या तसा उभा राहतो.

ही दोन वचने दीड-दीड तासाच्या दोन बैठकींत नीट कशी अभ्यासावी, याची ही मांडणी आहे. अभ्यासवर्ग चालवणाऱ्याला ग्रीक येण्याची गरज नाही, पण मराठी मात्र काळजीपूर्वक वाचावी लागेल. या विषयातल्या पुष्कळ गाठी आपल्या भाषेतल्या विभक्तीकडे आणि क्रियापदांकडे लक्ष दिले तरी सुटतात, असा माझा अनुभव आहे.

बैठकीपूर्वी

प्रत्येकाने बायबल आणावेच, पण वर्गात निदान दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे असतील हे पाहावे. टीकाग्रंथ पहिल्या बैठकीत आणू नयेत. याकोबाचे पत्र पाच अध्यायांचे आणि १०८ वचनांचे आहे. ते सगळ्यांनी घरी एका बसणीत मोठ्याने वाचून यावे, असे आधीच्या आठवड्यात सांगावे. रोमकरांस पत्र लांब आहे, म्हणून त्यातला ३:२१ पासून ५:१ पर्यंतचा भाग पुरे. सुटी वचने पाठ असलेल्या माणसाला हा सलग वाचनाचा आग्रह प्रथम त्रासदायक वाटतो, कारण पाठ असलेले वचन संदर्भात वाचताना अनेकदा वेगळेच काही सांगू लागते.

इतिहास, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक लूथर, त्याच काळची ट्रेंटची कॅथलिक धर्मपरिषद आणि त्यानंतरचे सगळे, दुसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवावा. मी पूर्वी सुरुवात लूथरपासून करीत असे. त्याचा परिणाम असा होई की पहिल्या दहा मिनिटांतच कोण कुठल्या बाजूचा हे ठरून जाई, आणि नंतर पौलाला किंवा याकोबाला बोलण्याची संधीच मिळत नसे.

चार शब्द

पहिल्या बैठकीचा पहिला अर्धा तास शब्दांना द्यावा. मराठी वाचकाच्या मनात हे शब्द कोरे येत नाहीत.

‘तारण’ या शब्दाचा बाजारातला अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे : कर्जासाठी घर किंवा दागिने तारण ठेवतात. बायबलमधले तारण त्या अर्थाचे नाही, ते ‘तारणे’ या क्रियापदाचे आहे. बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे हा त्याचा भाव. हा खुलासा अर्ध्या मिनिटात होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पौल हा शब्द तिन्ही काळांत वापरतो. इफिसकरांस पत्र २:८ मध्ये तारण झालेले आहे, १ करिंथ १:१८ मध्ये ते होत आहे, आणि रोम ५:९-१० मध्ये ते पुढे होणार आहे. वर्गात दोघे हमरीतुमरीवर येतात तेव्हा पुष्कळदा एक जण तारणाच्या आरंभाविषयी बोलत असतो आणि दुसरा शेवटाविषयी. म्हणून ‘तारण’ शब्द कोणी उच्चारला की ‘कोणत्या काळातले?’ असे विचारण्याची सवय लावावी.

‘कर्म’ हा शब्द सर्वांत धोक्याचा. आपल्याकडे कर्म म्हटले की कर्मफळ, संचित, पुण्य गाठीशी बांधणे ही सगळी मालिका मागोमाग येते, आणि पौल जणू त्याच मालिकेविरुद्ध लिहीत होता असे वाटू लागते. पौलासमोर तो प्रश्न नव्हता. तो ‘नियमशास्त्राची कर्मे’ म्हणतो तेव्हा मोशेच्या नियमशास्त्राविषयी बोलत असतो. या विषयावरच्या अभ्यासवर्गाला शेजाऱ्याच्या धर्मावर टीका करण्याचे निमित्त करू नये. ते अप्रस्तुत आहे, आणि मूळ मजकुराचे वाचनही त्यामुळे बिघडते. पौल आणि याकोब दोघांच्याही ग्रीकमध्ये शब्द एकच आहे, ‘एर्गा’. मराठी भाषांतरांत मात्र कुठे ‘कर्मे’, कुठे ‘क्रिया’, कुठे ‘कृत्ये’ आढळते. आपापल्या प्रतीत रोम ३:२८ आणि याकोब २:१४-२६ मध्ये कोणता शब्द आहे, हे प्रत्येकाने पाहून सांगावे.

‘विश्वास’ या शब्दाला मराठीत दोन उपयोग आहेत. ‘देव आहे यावर माझा विश्वास आहे’ या वाक्यात तो एक मत सांगतो. ‘मी त्याच्यावर विश्वास ठेवून घराची किल्ली दिली’ या वाक्यात तो स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवणे सांगतो. पहिला विश्वास असतो, दुसरा ठेवला जातो. हा भेद फळ्यावर लिहून ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

चौथा शब्दप्रयोग ‘नीतिमान ठरणे’. येथे मराठी भाषांतरकारांनी निवडलेले क्रियापद मला फार उपयोगी वाटते. ‘न्यायालयात आरोपी निर्दोष ठरला’ असे आपण म्हणतो, आणि ‘त्याचा अंदाज खरा ठरला’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात कोणीतरी निवाडा दिला आहे. दुसऱ्यात जे आधीपासून होते ते प्रत्ययाला आले आहे. मूळ ग्रीक क्रियापदालाही हे दोन्ही पदर आहेत. मत्तय ११:१९ मध्ये ज्ञान आपल्या कृत्यांवरून योग्य ठरते असे येशू म्हणतो, तेव्हा तेच क्रियापद दुसऱ्या अर्थाने आलेले आहे. पौल रोम ४ मध्ये अधार्मिकाला नीतिमान ठरवणाऱ्या देवाविषयी बोलतो, तो स्पष्टपणे निवाड्याचा अर्थ आहे. याकोबाचा अर्थ कोणता, हे वर्गाला लगेच सांगू नये.

कोणाला उद्देशून?

यानंतर प्रत्येक लेखक कोणाची कानउघाडणी करीत आहे ते शोधावे. पौलासाठी गलतीकरांस पत्र २:११-१६ वाचावे, कारण ‘नियमशास्त्राची कर्मे’ हा शब्दप्रयोग तेथे एका जेवणाच्या प्रसंगातून निघतो. अंत्युखियात पेत्र विदेशी ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा तो मागे सरला आणि वेगळा राहू लागला. पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. सोळाव्या वचनात हा शब्दप्रयोग तीन वेळा येतो. पंक्तीला कोणी कोणाबरोबर बसायचे, हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. किंबहुना येथे मराठी माणूस युरोपातल्या वाचकापेक्षा पौलाच्या अधिक जवळ असतो.

मात्र येथे एक घाई टाळावी. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या काही अभ्यासकांनी असे मांडले की पौलाचा रोख मुख्यतः सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शब्बाथ यांसारख्या यहुदीपणाच्या खुणांवर आहे. अंत्युखियाचा प्रसंग पाहता त्यात तथ्य आहेच. पण रोम ४:४-५ मध्ये पौल मजुरी आणि कृपा यांची तुलना करतो : काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती देणे म्हणून, दान म्हणून नव्हे. ही तुलना सुंतेपुरती मर्यादित राहत नाही. देवाला आपले ऋणी करून ठेवता येईल ही कल्पनाच तो खोडून काढतो, आणि ती कल्पना कुठल्याही काळच्या, कुठल्याही चांगल्या कामाला चिकटू शकते.

याकोबासाठी दुसरा अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा, चौदाव्यापासून नव्हे. तेथे सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला सभेत चांगली जागा मिळते आणि मळकट कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवले जाते. विश्वास आणि कृती यांची चर्चा त्यातूनच सुरू होते. पुढे १५-१६ व्या वचनांत उघड्या आणि उपाशी बंधुभगिनीला कोणी ‘शांतीने जा, ऊब घे, पोटभर खा’ एवढेच म्हणतो आणि काहीच देत नाही. याकोबाच्या यादीत सुंता नाही, खाण्याचे नियम नाहीत. ‘नियमशास्त्राची कर्मे’ हा पौलाचा शब्दप्रयोग तो एकदाही वापरत नाही. त्याच्यासमोर बसलेला माणूस देवाला ऋणी करू पाहणारा नाहीच. त्याला स्वतःलाच कोणाचे काही देणे लागते असे वाटेनासे झाले आहे.

मग १९ वे वचन. देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात, असे याकोब म्हणतो. फळ्यावरच्या दोन विश्वासांकडे बोट दाखवून विचारावे : भुतांचा विश्वास कोणता? वर्गातले सर्वांत अबोल सभासदही याचे उत्तर देतात. आणि हे उत्तर मिळाले की याकोब ज्याला अपुरा म्हणतो तो विश्वास आणि पौल ज्याने नीतिमान ठरतो म्हणतो तो विश्वास, हे एकच आहेत की नाहीत हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

अब्राहामाची वर्षे

पहिल्या बैठकीचा गाभा हा आहे, म्हणून त्याला निदान पाऊण तास ठेवावा. पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचे उदाहरण घेतात. इतकेच नव्हे, तर दोघेही उत्पत्ती १५:६ हे एकच वचन उद्धृत करतात, ज्यात अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूने नीतिमत्त्व असा गणला गेला. पौल ते रोम ४:३ आणि गलती ३:६ मध्ये घेतो, याकोब २:२३ मध्ये.

फळ्यावर एक आडवी रेघ काढावी आणि उत्पत्तीच्या पुस्तकातून वये शोधून ती भरायला सांगावे. हारान सोडले तेव्हा वय ७५ (१२:४). इश्माएल जन्मला तेव्हा ८६ (१६:१६). सुंता झाली तेव्हा ९९ (१७:२४). इसहाक जन्मला तेव्हा १०० (२१:५). पंधराव्या अध्यायातला विश्वास इश्माएलाच्या जन्माआधीचा, म्हणजे पहिल्या दोन खुणांच्या मधला. बाविसाव्या अध्यायातले इसहाकाचे अर्पण शेवटच्या खुणेच्या पलीकडचे. लाकडे वाहून नेण्याइतका मुलगा तेव्हा मोठा झालेला आहे.

आता पौलाचा प्रश्न वाचावा, रोम ४:१०. तो विचारतो की हे गणणे केव्हा झाले, सुंता झाल्यावर की होण्यापूर्वी? रेघेकडे पाहिले की उत्तर दिसते : सुंतेच्या निदान तेरा वर्षे आधी. पौलाचा सगळा युक्तिवाद या कालक्रमावर उभा आहे. मग याकोब २:२१-२३ वाचावे. याकोब थेट बाविसाव्या अध्यायाशी जातो आणि म्हणतो की अर्पणाच्या वेळी पंधराव्या अध्यायातला शास्त्रलेख पूर्ण झाला, आणि कृतींच्या योगे विश्वास परिपूर्ण झाला. एकाच बिंदूवर दोघे उभे आहेत. पौल मागे वळून विचारतो की या विश्वासाआधी अब्राहामाने काय कमावले होते, आणि याकोब पुढे पाहून विचारतो की या विश्वासाचे नंतर काय झाले. चौथ्या-पाचव्या शतकातले धर्माचार्य संत ऑगस्तीन यांनीही जवळपास हीच उकल सुचवली होती : पौल विश्वासाच्या आधीच्या कृत्यांविषयी बोलतो, याकोब नंतरच्या.

इस्राएली हेरांना आपल्या घरात लपवणाऱ्या राहाबेचे नाव कोणी काढले तर तिलाही रेघेशेजारी जागा द्यावी. याकोब २:२५ मध्ये ती अब्राहामाच्या बरोबरीने येते, आणि इब्री लोकांस पत्र ११:३१ मध्ये तिच्या त्याच कृतीला विश्वासाचे उदाहरण म्हटले आहे. हेर लपवणे ही एकच गोष्ट, पण एका पत्रात तिचे नाव कृती आणि दुसऱ्यात विश्वास.

बैठक संपवण्यापूर्वी उलट तपासणी करावी, कारण वर्ग आतापर्यंत ‘पौल म्हणजे विश्वास, याकोब म्हणजे कृती’ अशी वाटणी करून मोकळा झालेला असतो. पौलाच्या बाजूने रोम २:१३, रोम ६:१-२ आणि गलती ५:६ वाचावे. शेवटच्या वचनात प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास असा शब्दप्रयोग आहे. याकोबाच्या बाजूने १:१७-१८ आणि १:२१ वाचावे, जेथे प्रत्येक उत्तम देणगी वरून येते आणि जिवांचे तारण करण्यास समर्थ असलेले वचन आत रोवलेले आहे, म्हणजे याकोबालाही आरंभ देवाच्या देण्यानेच होतो हे मान्य आहे. मग इफिसकरांस पत्र २:८-१० ही तीन वचने घेऊन शब्दांच्या शेपट्यांखाली रेघा मारायला सांगाव्यात : कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कृत्यांनी नव्हे, सत्कृत्यांसाठी. ‘-नी’ आणि ‘-साठी’ यांतला फरक मराठी शाळेतच शिकवतात, आणि त्यावर मोठमोठे वाद अडले आहेत.

दुसरी बैठक

येथे परंपरांची पाळी येते. महाराष्ट्रातल्या वर्गात हे टाळून चालत नाही. वसईच्या कॅथलिक घरातली सून आणि अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) मंडळीत वाढलेला जावई एकाच घरसभेत बसतात. उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रेगेशनल, बॅप्टिस्ट अशा निरनिराळ्या परंपरांतली माणसे तिच्यात एकत्र आली, त्यामुळे एका बाकावरच्या दोघांच्या आजोबांनी दोन वेगळ्या प्रश्नोत्तरावल्या पाठ केलेल्या असू शकतात.

लूथरपासून सुरुवात करावी, पण त्याच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी पूर्ण सांगाव्यात. १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात त्याने रोम ३:२८ मध्ये ‘केवळ’ या अर्थाचा शब्द घातला, जो ग्रीकमध्ये नाही. टीका झाली तेव्हा १५३० मध्ये त्याने उत्तर दिले की जर्मन भाषेची धाटणीच तशी आहे. एक गोष्ट नाकारून दुसरी सांगायची असली की जर्मन माणूस तो शब्द घालतोच. मराठीत हे काम एका ‘च’ने होते. आपल्या प्रतीत ‘विश्वासाने’ आहे की ‘विश्वासानेच’, हे पाहायला सांगावे. मूळ ग्रीक नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द एकाच ठिकाणी येतात, आणि ते ठिकाण याकोब २:२४, जेथे त्यांच्यापुढे नकार आहे. दुसरी गोष्ट, त्याने १५२२ च्याच प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला इतर पुस्तकांच्या तुलनेत गवताचे पत्र म्हटले. ते खरे आहे. पण नंतरच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गेले. आणि रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहिले की विश्वास ही जिवंत, सतत काम करणारी गोष्ट आहे, आणि अग्नीपासून उष्णता व प्रकाश वेगळे करता येत नाहीत तशी कृत्ये त्यापासून वेगळी करता येत नाहीत.

कॅथलिक बाजूसाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी संमत केलेला नीतिमत्त्वीकरणावरचा, म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो यावरचा, ठराव घ्यावा. लूथर त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत वारला होता, त्यामुळे त्याला तो वाचायला मिळाला नाही. या ठरावात १६ प्रकरणे आणि ३३ नियम आहेत. वर्गाला प्रथम पहिला नियम सांगावा, कारण तो ऐकून प्रोटेस्टंट सभासद हमखास चकित होतात : ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कृत्यांनी देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा त्यात धिक्कार आहे. आठव्या प्रकरणात विश्वासाला नीतिमत्त्वीकरणाचा आरंभ, पाया आणि मूळ म्हटले आहे. नवव्या नियमात मात्र ‘केवळ विश्वासाने’ या शिकवणीचा, ती ज्या अर्थाने ट्रेंटला समजली त्या अर्थाने, निषेध आहे. आणि चोविसाव्यात म्हटले आहे की सत्कृत्ये ही मिळालेल्या नीतिमत्त्वाची फळे व चिन्हे तर आहेतच, पण त्यांच्यामुळे ते वाढतेही.

त्याच्या शेजारी रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट परंपरेची १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली ठेवावी. तिचा ६४ वा प्रश्न कॅथलिक सभासदाच्या मनातला प्रश्नच आहे : या शिकवणीने माणसे बेफिकीर आणि दुराचारी होत नाहीत का? उत्तर नाही असे आहे, कारण खऱ्या विश्वासाने ख्रिस्तात कलम केलेल्या माणसाला कृतज्ञतेची फळे न येणे अशक्य आहे. या प्रश्नोत्तरावलीचे तीन भाग आहेत, माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. आणि दहा आज्ञांचे विवेचन तिसऱ्या भागात येते. आज्ञा कोणत्या प्रकरणात ठेवल्या आहेत यावरूनच लेखकांना काय म्हणायचे आहे ते कळते, अशी मांडणीची हुशारी धर्मशास्त्राच्या पुस्तकांत विरळा आढळते.

आता ‘ठरणे’ या शब्दाकडे परत यावे. याकोब २:२४ मधले ठरणे हे ‘अंदाज खरा ठरला’ या जातीचे आहे, असे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन आणि त्याच्यामागून बहुतेक प्रोटेस्टंट भाष्यकार म्हणतात. ट्रेंटने दहाव्या प्रकरणात तेच वचन नीतिमत्त्वाच्या वाढीसाठी उद्धृत केले. मतभेदाची खरी जागा ही आहे : देव माणसाच्या खाती ख्रिस्ताचे नीतिमत्त्व गणतो, की ते त्याच्या अंतरात ओततो आणि मग ते वाढत जाते? ‘तुम्ही तारण विकत घेता’ आणि ‘तुम्ही विश्वास ठेवून काहीही करायला मोकळे होता’ हे दोन्ही आरोप खोटे ठरले, तरी ‘गणणे’ आणि ‘ओतणे’ यांतला फरक उरतोच, आणि तो शिष्टाचारापोटी पुसू नये.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमत्त्वीकरणाच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणवत्तेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो, आणि आपल्याला मिळणारा पवित्र आत्मा अंतःकरण नवे करून सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, या आशयाचा परिच्छेद त्यात आहे. २००६ मध्ये मेथडिस्टांची आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटना त्यात सामील झाली. सर्व लुथरनांनी ते स्वीकारलेले नाही, अमेरिकेतल्या मिझूरी सिनडने तर नाहीच. तरीही वर्गात त्यातला एखादा परिच्छेद, कोणाचा आहे ते न सांगता वाचून ‘हे कॅथलिक आहे की प्रोटेस्टंट’ असे विचारावे. दहा मिनिटे फार उद्बोधक जातात.

एवढ्या ठरावांनंतर एका माणसाचे उदाहरण हवे असते, आणि ते आपल्या घरचेच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. आणि आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे विधवांसाठीचे काम आधीच सुरू होते; त्या अनुभवाने ते ना सुरू झाले ना थांबले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. वर्गाला विचारावे की बाहेरून पाहणाऱ्याला १८९० चे काम आणि १८९७ चे काम यांत काय फरक दिसला असता, आणि रमाबाईंना स्वतःला काय फरक वाटत होता. या प्रश्नाला तयार उत्तर देऊ नये, माझ्यापाशीही नाही.

हमखास येणारे प्रश्न

वधस्तंभावरचा चोर हा पहिला. त्याला सत्कृत्ये करायला वेळ होता का? लूक २३:४०-४२ वाचून दाखवावे. हातपाय जखडलेले असताना त्याने सोबत्याला दटावले, आपला अपराध कबूल केला, येशू निर्दोष असल्याचे सांगितले आणि विनंती केली. यातले काय विश्वास आणि काय कृती, हे वेगळे करता येते का ते वर्गाने ठरवावे.

‘माझे वडील सज्जन होते, आयुष्यभर लोकांच्या उपयोगी पडले, पण ख्रिस्ती नव्हते, त्यांचे काय?’ हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नसतो. तो विचारणाऱ्याच्या घरात तसबीर टांगलेली असते. येथे परंपरा खरोखर वेगळ्या बोलतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेवरील आपल्या दस्तऐवजाच्या १६ व्या परिच्छेदात म्हटले की स्वतःच्या दोषावाचून सुवार्ता न कळलेले, पण कृपेच्या प्रेरणेने विवेकाला अनुसरून देवाची इच्छा करू झटणारे लोकही तारण पावू शकतात. पुष्कळ इव्हँजेलिकल मंडळ्या असे म्हणण्यास तयार नाहीत. चालकाने दोन्ही प्रामाणिकपणे सांगावे, आणि कोणाच्या वडिलांचा निवाडा आपण बसल्या जागी करू नये.

तिसरा प्रश्न बहुधा बैठक सुटल्यावर, चपला घालताना येतो. कोणी म्हणते की मी प्रार्थनासभा चुकवत नाही, दशांश देते, आजाऱ्यांना भेटते, तरी देव माझ्यावर नाराज आहे असे वाटते. अशा व्यक्तीला याकोब वाचून दाखवणे ही निर्दयता आहे; तिला रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय द्यावा. उलट, आपले तारण अमुक तारखेला झाले असे सांगणारा, पण घरकामाच्या बाईचा पगार तीन महिने अडवून ठेवणारा माणूस वर्गात असेल तर त्याला याकोब ५:४ चे पान उघडून द्यावे, जेथे अडवलेली मजुरी ओरडत असते. चुकीच्या माणसाला बरोबर वचन देण्याचा प्रमाद उत्साही चालकांकडून फार होतो, माझ्याकडूनही झाला आहे.

शेवटची पाच मिनिटे राखून ठेवून दोन उतारे घरी वाचायला सांगावेत. लूक १८:९-१४ मध्ये परूशी आठवड्यातून दोनदा उपास आणि सर्व मिळकतीचा दशांश असा हिशेब देवापुढे ठेवतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार; क्रियापद पौलाचेच. मत्तय २५:३१-४६ मध्ये राजा उजवीकडच्यांना त्यांनी काय काय केले ते सांगतो, आणि ते विचारतात की प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले? त्यांना ते आठवत का नाही, एवढा एकच प्रश्न वहीत लिहून न्यावा. पुढची बैठक ज्याची वही कोरी असेल त्याच्यापासून सुरू करावी.